गंजाचा रंग आणि शब्दाची साक्ष

अठराव्या शतकातील इंग्रजी पायदळाच्या बंदुकीस ‘ब्राउन बेस’ हे नाव तिच्या तपकिरी नळीवरून पडले, असे पुष्कळदा सांगितले जाते. ही व्युत्पत्ती कारागिरीच्या इतिहासाशी ताडून पाहणे अवश्य आहे.

नळीस तपकिरी रंग देणे म्हणजे तीवर बेताने गंज चढविणे होय. तेलाचा अंशही न ठेवता नळी स्वच्छ करावयाची, सौम्य आम्लयुक्त द्रावण लावून ती दमट हवेत ठेवावयाची, सुटा गंज तारेच्या ब्रशाने काढावयाचा, आणि हा क्रम अनेकदा करावयाचा. दर खेपेस गंजलेली नळी शुद्ध पाण्यात उकळल्यास तांबड्या ऑक्साइडाचे काळे मॅग्नेटाइट बनून निळसर काळा रंग येतो. न उकळल्यास तो तपकिरीच राहतो. भट्टी लागत नसल्याने ही क्रिया आजही घरगुती कार्यशाळेत होते.

आता कालक्रम पाहू. ‘ब्राउन बेस’ची नोंद फ्रान्सिस ग्रोज याच्या १७८५ च्या बोलीकोशात आहे. परंतु त्या काळी सरकारी बंदुकांच्या नळ्या घासून चकचकीत ठेवीत. त्यांस सरसहा तपकिरी रंग देण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. अर्थात नाव आधीचे, रंग नंतरचा.

उलटपक्षी, जर्मन भाषेत निळसर काळ्या पोलादासही ‘ब्र्यूनीरेन’ हेच क्रियापद लावतात. त्याचे मूळ तपकिरी रंगाच्या वाचकात आहे. त्याच कुळातील इंग्रजी ‘बर्निश’ मात्र चकाकी आणणे या अर्थी रूढ आहे.

तात्पर्य, शब्द हा इतिहासाचा साक्षीदार खरा. पण उलटतपासणीवाचून त्याची साक्ष ग्राह्य मानू नये.