आखडलेला खांदा
आखडलेला खांदा किंवा फ्रोझन शोल्डर हा खांद्याच्या सांध्याभोवतीचे आवरण सुजून जाड व घट्ट झाल्यामुळे होणारा विकार आहे. अमेरिकन शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ मध्ये त्याला हे इंग्रजी नाव दिले. तो बहुधा ४० ते ६० या वयात होतो. स्त्रियांत व मधुमेहींत त्याचे प्रमाण अधिक आहे.

प्रथम वेदना, मग ताठरपणा व शेवटी हळूहळू सुटणारा खांदा, अशा त्याच्या तीन अवस्था असून त्यांना साधारणतः १ ते ३ वर्षे लागतात. वेणी घालणेही कठीण होते. दुसऱ्याने उचलला तरी हात पूर्ण वर जात नाही, ही त्याची मुख्य खूण होय.

वेदनाशामके, सोसवेल असा नियमित व्यायाम आणि गरजेनुसार सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन हे उपचार होत. दुखण्याच्या भीतीने हात हलवणेच थांबवल्यास ताठरपणा वाढतो.