खचलेला पाया आणि दायित्वाचा प्रश्न : इंग्लंडमधील गृहबांधणी व्यावसायिकांच्या कायदेशीर जबाबदारीचा इतिहास

प्रास्ताविक

१८०४ मध्ये फ्रान्समध्ये अमलात आलेल्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेतील कलम १७९२ अत्यंत स्पष्ट होते. ठरावीक मोबदल्यात बांधलेली इमारत बांधकामातील दोषामुळे, किंबहुना जमिनीतील दोषामुळेही, पूर्णतः वा अंशतः नष्ट झाली तर वास्तुशिल्पज्ञ आणि कंत्राटदार हे दहा वर्षेपर्यंत जबाबदार राहतील, असे त्यात म्हटले होते. यातील जमिनीच्या दोषाचा उल्लेख विशेष अर्थपूर्ण आहे. जमीन पोकळ निघाली म्हणून बांधणाऱ्यास हात झटकता येणार नाहीत, ही भूमिका त्यात गृहीत होती. इंग्लंडच्या कायद्याने मात्र नेमकी उलट वाट धरली. 'ग्राहका, सावध राहा' हे तेथील स्थावर मालमत्तेच्या व्यवहाराचे मूलसूत्र राहिले. नवे घर खचल्यास त्याची जबाबदारी कोणावर, या प्रश्नाभोवती इंग्लंडमध्ये विसाव्या शतकात जो न्यायालयीन संघर्ष घडला, त्याचा परामर्श प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

दोन महायुद्धांमधील गृहबांधणी

१९१९ ते १९३९ या काळात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ४० लाख घरे उभी राहिली. त्यांतील बहुसंख्य खाजगी व्यावसायिकांनी विक्रीसाठी बांधलेली होती. लंडनभोवतीच्या शेतजमिनींवर वसाहतीच्या वसाहती उठल्या आणि पहिल्यांदाच कारकून, शिक्षक, टॅक्सीचालक यांसारखा वर्ग कर्ज काढून घरमालक झाला. या घरांचा दर्जा पुष्कळदा निकृष्ट होता. अशा वेळी कायद्याने खरेदीदाराला काय दिले? बांधकाम चालू असताना घर विकत घेतले असेल, तर ते चांगल्या कारागिरीने बांधले जाईल व राहण्यायोग्य असेल, अशी गर्भित हमी न्यायालये मानीत (मिलर वि. कॅनन हिल इस्टेट्स, १९३१). परंतु तेच घर पूर्ण झाल्यावर घेतले, तर कोणतीही हमी नाही! गिलावा वाळण्यापूर्वी करार केला की नंतर, यावर कुटुंबाचे भवितव्य ठरत होते. या भेदाचे समर्थन तर्काने करणे कठीण आहे. परंपरेनेच तो टिकवला.

विरोधाभास असा की १९३२ मध्ये 'डोनोह्यू वि. स्टीव्हन्सन' या खटल्यात उत्पादकाची अंतिम ग्राहकाप्रती असलेली कर्तव्यदक्षता हाउस ऑफ लॉर्ड्सने मान्य केली. जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय निघाली तर उत्पादक जबाबदार, हे तत्त्व रूढ झाले, मात्र घर त्यातून वगळले गेले. १९३६ च्या 'ऑटो वि. बोल्टन' या खटल्यात नव्या घराचे छत कोसळून खरेदीदार मुलीची आई जखमी झाली. मुलीला करारभंगाबद्दल भरपाई मिळाली, कारण करार तिच्याशी होता. छत जिच्यावर कोसळले त्या आईचा निष्काळजीपणाचा दावा मात्र फेटाळला गेला.

एल्सी बॉर्डर्स यांचा लढा

या परिस्थितीला पहिले संघटित आव्हान वकिलांनी नव्हे, तर एका गृहिणीने दिले. केंट परगण्यातील कोनी हॉल वसाहतीत राहणाऱ्या एल्सी बॉर्डर्स यांच्या नव्या घराचे छप्पर गळत होते, लाकूडकामाला कीड लागली होती. १९३७ मध्ये त्यांनी कर्जाचे हप्ते थांबवले. बिल्डिंग सोसायटीने ताब्यासाठी दावा लावला, तेव्हा त्यांनी प्रतिदावा केला आणि न्यायालयात स्वतःची बाजू स्वतः मांडली. त्यांचा रोख बांधणाऱ्यापेक्षा कर्ज देणाऱ्या संस्थेवर होता, आणि त्यामागे सूक्ष्म आर्थिक जाण होती. बांधकाम व्यावसायिक सोसायटीकडे तारण म्हणून रक्कम ठेवत आणि त्या बळावर सोसायटी नेहमीच्या प्रमाणाहून अधिक, किमतीच्या ९५ टक्क्यांपर्यंत कर्ज देई. म्हणजे घराची खरी किंमत तपासण्यात संस्थेला स्वारस्यच उरत नसे. अशा व्यवस्थेत कर्ज देऊन सोसायटीने घर भक्कम असल्याचा खोटा भरवसा दिला, असा बॉर्डर्स यांचा युक्तिवाद होता. इतर वसाहतींतील कर्जदारांनीही हप्ते रोखले. १९४१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने अंतिमतः सोसायटीच्या बाजूने निर्णय दिला, परंतु तत्पूर्वीच १९३९ च्या बिल्डिंग सोसायटी कायद्याने या तारण-पद्धतीवर निर्बंध घातले होते. खटला हरून कायदा बदलण्याचे हे उदाहरण इतिहासकारांच्या अधिक लक्षास पात्र आहे.

व्यावसायिकांनीही स्वतःहून काही पावले उचलली. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या नोंदणी परिषदेने १९६५ पासून दहा वर्षांची हमी सुरू केली.

डटन, अ‍ॅन्स आणि मर्फी

बोग्नर रेजिस येथे कचऱ्याच्या जुन्या भरावावर एक घर बांधले गेले. नगरपरिषदेच्या निरीक्षकाने पाया तपासून मंजूर केला. पुढे ते घर विकत घेणाऱ्या दुसऱ्या मालकिणीच्या भिंती भेगाळल्या, जिना सरकला, दारे-खिडक्या लागेनात. जुन्या निवाड्यांमुळे बांधणाऱ्याविरुद्ध निभाव लागणार नाही, या सल्ल्यावरून तिने त्याच्याशी अल्प रकमेत तडजोड केली आणि परिषदेवर दावा चालवला. १९७१ च्या अखेरीस अपील न्यायालयाने तो मान्य केला. लॉर्ड डेनिंग यांनी त्याच निकालपत्रात बांधणाराही जबाबदार ठरतो, जुने निवाडे आता ग्राह्य नाहीत, असे नमूद केले. ज्या निवाड्यांच्या धाकाने वादीने तडजोड केली, ते तिच्याच खटल्यात मोडीत निघाले.

१९७७ मध्ये 'अ‍ॅन्स वि. मर्टन' खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने हीच दिशा कायम केली. विम्बल्डन येथील १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या सदनिकांना १९७० मध्ये भेगा पडल्या होत्या. नकाशात पाया किमान ३ फूट दाखवला होता, प्रत्यक्षात तो अडीच फूटच असल्याचे वादींचे म्हणणे होते. सहा इंचांच्या या फरकावर पुढील तेरा वर्षांचा कायदा उभा राहिला. दरम्यान १९७६ च्या तीव्र दुष्काळात दक्षिण इंग्लंडमधील चिकणमाती आकसली, असंख्य घरे खचली. १९७० च्या दशकारंभी घराच्या विम्यात जमीन खचण्याची जोखीम समाविष्ट झाली होती, त्यामुळे भार विमा कंपन्यांवर आला.

यानंतरचे वळण अनपेक्षित होते. 'मर्फी वि. ब्रेंटवुड' या खटल्यातील जोडघर भरावाच्या जमिनीवर, काँक्रीटच्या सलग तक्तपोशी पायावर उभे होते. १९७० मध्ये खरेदी झालेल्या या घराचा पाया १९८१ मध्ये तडकला, गॅसची नळी फुटली. १९८६ मध्ये मालकाने ते सुस्थितीतील किमतीपेक्षा ३५,००० पौंड कमी घेऊन विकले. जुलै १९९० मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने अ‍ॅन्सचा निर्णय रद्द केला. वस्तूतील दोष इजा होण्यापूर्वीच उघड झाला, तर ते केवळ आर्थिक नुकसान होय व त्याचा उपाय करारातच शोधावा, असे पीठाचे मत पडले. याचा व्यावहारिक अर्थ असा की भिंत कोसळून शेजारी जखमी झाला तर भरपाई, पण ती कोसळण्याआधी सावध होऊन दुरुस्त केली तर काहीच नाही. मालकाच्या नुकसानीचा भार वस्तुतः त्याच्या विमा कंपनीने उचललेला होता. झगडा खरे तर दोन बाजूंच्या विमाकारांमधला होता, आणि पीठालाही याची जाणीव होती. तथापि निर्णयाची किंमत विमा नसलेल्या मालकांना मोजावी लागली. ऑस्ट्रेलिया व कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयांनी १९९५ मध्ये वेगळी भूमिका घेतली. ऑस्ट्रेलियातील खटल्यात तर ऋतुमानानुसार फुगणाऱ्या-आकसणाऱ्या मातीवरील कमकुवत पायाबद्दल बांधणाऱ्यास नंतरच्या मालकाप्रती जबाबदार धरण्यात आले.

इंग्लंडमध्ये यापुढे भिस्त राहिली ती १९७२ च्या सदोष वास्तू कायद्यावर, ज्याची मुदत बांधकाम पूर्ण झाल्यापासून सहा वर्षे होती. २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ जणांचा बळी गेल्यानंतर, २०२२ च्या इमारत सुरक्षा कायद्याने ती नव्या घरांसाठी १५ व पूर्वीच्या घरांसाठी ३० वर्षे केली.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्राने सदनिका मालकीविषयक १९६३ च्या कायद्यात ताबा दिल्यापासून ठरावीक मुदतीत निदर्शनास आणलेले दोष विनामूल्य दुरुस्त करण्याचे बंधन प्रवर्तकावर घातले. म्हणजे डटन निकालाच्याही आठ वर्षे आधी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ ने ही मुदत पाच वर्षे केली आणि दुरुस्तीसाठी तीस दिवसांची मर्यादा आखली. दख्खनच्या काळ्या मातीचा पावसाळ्यात फुगण्याचा व उन्हाळ्यात भेगाळण्याचा स्वभाव पाहता पायातील उणीव अनेक ऋतुचक्रांनंतर प्रकट होऊ शकते. विम्बल्डनच्या सदनिका आठव्या वर्षी तडकल्या, ब्रेंटवुडचे घर खरेदीनंतर अकराव्या. पाच वर्षांच्या मापाने मोजली तर ही दोन्ही प्रकरणे मुदतीबाहेर ठरली असती.