‘पट’ या उत्तरपदाआड : मराठी वृत्तपत्रीय चित्रपटपरीक्षणाविषयी

मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनात वृत्तपत्रीय परीक्षणांचा उपयोग प्रामुख्याने पुरावा म्हणून होतो. मूकपटांच्या बाबतीत तर तो अपरिहार्यच आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) संपूर्ण उपलब्ध नाही; जी थोडी रिळे जतन झाली आहेत ती मूळ चित्रपटाची की १९१७ च्या आवृत्तीची, याविषयीही मतभेद आहेत. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) मूक रूपात पाहावयास मिळत नाही. त्यांनीच १९३६ साली केलेल्या बोलपटावरून त्याचा अंदाज बांधावा लागतो. चित्रपट नाहीसा होतो आणि त्याविषयीचा दीड रकाना मजकूर उरतो. अशा वेळी परीक्षण साक्षीदार ठरते. या साक्षीदाराची उलटतपासणी मात्र फारशी झालेली नाही. तो काय पाहावयास शिकला होता आणि त्याच्यापाशी शब्द कोणते होते, हे प्रश्न समीक्षेच्या इतिहासाचे आहेत आणि त्यांची उत्तरे चित्रपटाच्या इतिहासावर परिणाम करणारी आहेत.

मराठीत ‘परीक्षण’ ही संज्ञा ग्रंथ आणि नाटक यांच्या संदर्भात रुळलेली होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘विविधज्ञानविस्तारा’तून केलेल्या नाट्यपरीक्षणांनी या लेखनप्रकाराला शिस्त दिली. कथानक, स्वभावलेखन, भाषा, रसपरिपोष, अखेरीस गुणदोषांचा ताळेबंद हा तो क्रम. ‘केसरी’चे संपादक न. चिं. केळकर स्वतः नाटककार होते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. वृत्तपत्रात चित्रपटाला जागा मिळू लागली तेव्हा त्याच्यासाठी नवा साचा घडविण्याची निकड कोणास भासली नाही. नाटकाचा साचा तयार होता. नाटकातून जे वजा झाले होते, म्हणजे प्रत्यक्ष नट, आणि मूकपटाच्या काळात त्याचा आवाजही, त्यांची उणीव त्या साच्यात नोंदविता येत होती. जे नव्याने आले होते त्यासाठी मात्र रकाना नव्हता.

विरोधाभास असा की, जाहिरातीला हा रकाना होता. सुरतेस ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला जात असता, रात्र रात्र चालणाऱ्या नाटकांची सवय असलेले प्रेक्षक दीड तासाच्या खेळाकडे फिरकेनात. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली ती सत्तावन्न हजार छायाचित्रांची, दोन मैल लांबीच्या चित्राची आणि अवघ्या तीन आण्यांची. ही विक्रेत्याची क्लृप्ती होती हे खरेच. तरीही चित्रपट म्हणजे मोजता येणारी, एकापुढे एक जोडलेली छायाचित्रे होत, ही जाणीव तीत आहे. आणि ती पुढील कित्येक दशकांच्या परीक्षणांत अभावानेच आढळते. माध्यमाचे विवेचन करणारे पहिले महत्त्वाचे मराठी लेखनही फाळक्यांचेच. ते १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकातून आले (अत्र्यांचे ‘नवयुग’ साप्ताहिक निराळे आणि बरेच नंतरचे). वृत्तपत्राने त्या काळात बजावलेली भूमिका न्यायाधीशाची नव्हती, चावडीची होती. फाळके चित्रव्यवसाय सोडून काशीला गेले तेव्हा ‘संदेश’कार अच्युतराव कोल्हटकरांनी त्यांना परत येण्याची विनंती केली, या व्यवसायापुरता आपण मेलोच आहोत अशा आशयाचे फाळक्यांचे उत्तर त्यांनी जसेच्या तसे छापले आणि वाचकांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला.

परीक्षणाला स्वतःची परिभाषा लाभली नाही. प्रकारनामे मात्र भराभर मिळत गेली. मूकपट, बोलपट, पौराणिकपट, संतपट, पोशाखीपट, स्टंटपट, तमाशापट : ‘पट’ हे उत्तरपद कशालाही जोडता येते. यांतील ‘मूक’ आणि ‘बोल’ ही दोनच नावे माध्यमाविषयी काही सांगतात. उरलेली विषयाची, वेशभूषेची वा व्यापाराची आहेत. रंगभूमीच्या व्यवहारातून आणि वितरकाच्या वर्गवारीतून ती परीक्षणात आली. त्यांचा परिणाम असा झाला की, प्रकारागणिक परीक्षकाचा मानदंड बदलू लागला आणि हा बदल त्याच्या स्वतःच्याही लक्षात येईना.

संतपटाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. संतपटाला लावावयाचा मानदंड चरित्राच्या अधिकृततेचा आणि भक्तिभावाच्या शुद्धतेचा. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचलेला एक अभंग गाथेतलाच आहे असे भल्याभल्या जाणकारांना वाटले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. ती बहुधा आठवल्यांच्या प्रतिभेचा दाखला म्हणून सांगितली जाते. पण तिचा दुसराही अर्थ होतो : जाणकार चित्रपट पाहताना संहिता तपासत होते. देहूचे दैनंदिन जीवन, जिजाईचा संसार, विष्णुपंत पागनिसांच्या गाण्याच्या लयीशी मिळणारी दृश्यांची लय, या ज्या गोष्टींमुळे हा चित्रपट भाषा न जाणणाऱ्या परदेशी प्रेक्षकापर्यंत पोहोचला, त्यांच्यासाठी गाथेत संदर्भ सापडणार नव्हता.

सामाजिक चित्रपटाला हा साचा सर्वांत अनुकूल ठरला, कारण तो मुळातच कादंबरीजवळचा होता. ‘कुंकू’ (१९३७) ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वर आधारलेला, जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न मराठी वाचकाला ‘शारदा’पासून परिचित. परीक्षकाला येथे परके वाटावे असे काही नव्हते. याउलट ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या अत्रे-विनायक यांच्या विडंबनात वाद माजला तो मीनाक्षी शिरोडकरांच्या पोहण्याच्या वेशावर. विनोदी चित्रपटाला लावावयाचा मानदंड सभ्यतेचा ठरला आणि पुढे तोच कायम राहिला. अत्र्यांची स्थिती तर मोठी विलक्षण. नाटककार, पटकथाकार, ‘श्यामची आई’साठी पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळविणारे निर्माते-दिग्दर्शक, आणि १९५६ पासून ‘मराठा’ या दैनिकाचे संपादक! चित्रपट आतून जाणणारा याहून अधिकारी माणूस मराठी वृत्तपत्रसृष्टीत नव्हता. तरीही त्यांचे माप शब्दाचे आणि आशयाचेच राहिले. दोष व्यक्तीचा नव्हता, हे यावरून दिसावे.

साच्याची खरी कसोटी तमाशापटाने पाहिली. ‘लोकशाहीर रामजोशी’ने (१९४७) सुरू झालेल्या या परंपरेत अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला. परीक्षण पहिल्या आठवड्याचे असते. उरलेल्या १३० आठवड्यांचा साक्षीदार कोण? तो प्रेक्षक का येत होता, काय पाहत होता, याचे उत्तर पहिल्या आठवड्यातील मजकुरात असणे शक्य नाही. तमाशापटाविषयी शहरी परीक्षकाची नाराजी अनाकलनीय नाही. तोचतोपणा हा त्या प्रकाराचा दोष होताच. परंतु फडावरील बाई, पाटील आणि गाव यांच्यातील सत्तासंबंध ठराविक कथेतून पुन्हा पुन्हा का सांगितला जातो, हा प्रश्न ‘तेच ते’ या शेऱ्याखाली बुजला. त्या जगाची आतली बाजू पुढे आली ती हंसा वाडकरांच्या त्याच नावाच्या आत्मकथनातून, आणि तेही दैनिकात नव्हे तर ‘माणूस’मधून, अरुण साधूंच्या शब्दांकनाने. ‘सोंगाड्या’पासून (१९७१) दादा कोंडक्यांच्या चित्रपटांचे तेच झाले. या चित्रपटाची पटकथा वसंत सबनीसांची. त्यांच्याच ‘विच्छा माझी पुरी करा’चे कौतुक करणारा अभिजन पडद्यावरील द्व्यर्थाने मात्र अस्वस्थ झाला.

सत्तरच्या दशकात दोन दिशांनी बदल झाला. पुण्यात प्रभातच्या जागेवर १९६० साली चित्रपट प्रशिक्षण संस्था आणि १९६४ साली चित्रपट संग्रहालय उभे राहिले. १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघाले. चळवळीच्या संस्कारातून आलेल्या सुधीर नांदगावकर, अशोक राणे यांच्यासारख्या लेखकांमुळे दृश्यरचना, संकलन, ध्वनी हे शब्द वृत्तपत्री मजकुरात आले. अरुण खोपकरांचे गुरुदत्तवरील पुस्तक (१९८५) या परिभाषेचे सर्वांत परिपक्व फळ. ते वृत्तपत्रातून नव्हे, प्रशिक्षण संस्थेच्या वाटेने आले. दुसऱ्या बाजूला वृत्तपत्रांत वावरलेले लेखकच चित्रपटाकडे गेले. ‘सामना’ (१९७५) तेंडुलकरांचा; ‘सिंहासन’ (१९७९) साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, आणि त्याच्या केंद्रस्थानी बातमीदार! या चित्रपटांना ‘राजकीय’ म्हणता आले, आणि मराठी परीक्षण पुन्हा एकदा परिचित भूमीवर आले.

परीक्षण कोठे वाचले जाते, हाही या इतिहासाचाच भाग आहे. प्रती मोजक्या असत तेव्हा चित्रपट आधी मुंबई-पुण्यास लागे आणि पनवेलसारख्या तालुक्याच्या गावी मागाहून येई. मुंबईचे वृत्तपत्र मात्र तेथे सकाळीच पोहोचे. अशा वाचकासाठी परीक्षण हे काही काळ चित्रपटाचा पर्यायच असे, आणि कथानकाला दिलेल्या दोन तृतीयांश जागेचे समर्थन कदाचित येथे सापडेल. त्याच तालुक्यात सिडकोने वसविलेल्या खारघरमधील वाचकाला चित्रपट मॉलमधील पडद्यावर मुंबईबरोबरच, त्याच शुक्रवारी, दिसतो. त्याला कथा नको असते, तिकिटाचा सल्ला हवा असतो. तारांकने त्यासाठी आहेत.

यातून एक नवी अडचण उद्भवली. शेवट न सांगणे हा परीक्षणाचा आता जवळजवळ नैतिक संकेत झाला आहे. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्या अखेरच्या काही क्षणांत ध्वनी काढून घेतला जातो, आणि तोवर गाण्यांनी भारलेली प्रेमकथा जातीय हिंसेच्या पुराव्यात बदलते. प्रकारनाम मोडते ते नेमके त्या ठिकाणी, आणि संकेत पाळणाऱ्या परीक्षकाला त्याविषयीच बोलता येत नाही. त्या शेवटाची चर्चा झाली ती लेखांतून, वाचकांच्या पत्रांतून आणि सभांतून. ‘संदेश’च्या काळाप्रमाणे, परीक्षणाच्या चौकटीबाहेर. उद्या या चित्रपटाचा समकालीन प्रतिसाद शोधू पाहणारा अभ्यासक केवळ पहिल्या आठवड्याची परीक्षणे गोळा करील, तर त्याच्या हाती एक प्रेमकथा लागेल. त्याने पुढच्या महिन्यांची पत्रेही काढावयास हवीत, आणि परीक्षणाशेजारची चित्रगृहांची जाहिरात पाहावयास हवी. कोणत्या गावी, कितवा आठवडा, किती खेळ, हे तेथे नोंदलेले असते.