सी भाषेत संदेशाचे बाइट कसे करतात?

सी भाषेत एकमेकांशी संबंधित माहिती एकत्र ठेवण्यासाठी स्ट्रक्चर वापरतात. उदाहरणादाखल तापमान नोंदवणाऱ्या एका उपकरणाचा संदेश घेऊ. त्यात तीन गोष्टी आहेत: संदेशाचा प्रकार (१ बाइट), केंद्राचा क्रमांक (४ बाइट) आणि अंशाच्या दहाव्या भागात मोजलेले तापमान (२ बाइट). म्हणजे ३१.५ अंश तापमान ३१५ असे साठवायचे. हा संदेश दुसऱ्या संगणकाकडे पाठवायचा असेल, तर तो बाइटांच्या एका ठरलेल्या रांगेत मांडावा लागतो. या मांडणीला एन्कोडिंग किंवा सीरियलायझेशन म्हणतात. पलीकडे ती रांग वाचून मूळ माहिती परत मिळवणे म्हणजे डीकोडिंग.

सी भाषा यासाठी एक मोहात पाडणारी पळवाट देते. स्ट्रक्चरचा पत्ता आणि त्याचा आकार थेट सेंड किंवा राइट या फंक्शनला दिला, की काम झाले! एकाच संगणकावर, एकाच कंपायलरने बनवलेल्या दोन प्रोग्राममध्ये हे बहुधा चालतेही. म्हणूनच ही चूक बराच काळ लपून राहते.

मेमरीतली मांडणी आणि संदेशाची मांडणी

वरच्या संदेशात १ + ४ + २ म्हणजे ७ बाइट आहेत. पण याच क्रमाने लिहिलेल्या स्ट्रक्चरचा आकार साइझऑफने विचारला, तर आजच्या बहुतेक संगणकांवर उत्तर १२ येते. चार बाइटांची संख्या चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर असली की प्रोसेसरला ती सहज वाचता येते, म्हणून कंपायलर पहिल्या बाइटनंतर ३ आणि शेवटी २ रिकामे बाइट घालतो. यांना पॅडिंग म्हणतात. ते नेमके किती असावे हे सी भाषेच्या मानकाने सर्वांसाठी एकच ठरवलेले नाही. शिवाय हे बाइट खरोखर रिकामे नसतात. त्या जागी मेमरीत आधी जे काही होते ते तसेच असू शकते, आणि स्ट्रक्चर जसेच्या तसे पाठवले तर तेही बाहेर जाते.

काही जण कंपायलरला ‘पॅक्ड’ अशी खूण देऊन पॅडिंग काढून टाकतात. त्याने आकार ७ होतो, पण दुसरा प्रश्न तसाच राहतो.

तो प्रश्न बाइटांच्या क्रमाचा. ३१५ म्हणजे १ × २५६ + ५९. काही यंत्रे मेमरीत आधी १ आणि मग ५९ ठेवतात. याला बिग एंडियन म्हणतात. आपल्या लॅपटॉपमधले इंटेल किंवा एएमडीचे प्रोसेसर आधी ५९ आणि मग १ ठेवतात. हे लिटल एंडियन. एकाने लिहिलेले दुसऱ्याने आपल्या पद्धतीने वाचले, तर ५९ × २५६ + १ म्हणजे १५१०५ मिळतात. ३१.५ अंशांचे १५१०.५ अंश झाले! निदान ही चूक डोळ्यांना दिसते. केंद्राच्या क्रमांकात असे झाले, तर नोंद गुपचूप भलत्याच केंद्राच्या नावावर जाऊ शकते.

एंडियन हा शब्द जोनाथन स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मधून आला. त्यात उकडलेले अंडे मोठ्या टोकाकडून फोडावे की लहान, यावरून तंटा आहे. डॅनी कोहेन यांनी १९८० साली एका लेखात तो शब्द संगणकाच्या संदर्भात वापरला आणि रूढ झाला. इंटरनेटच्या मूळ प्रोटोकॉलांनी बिग एंडियन स्वीकारले, म्हणून त्याला नेटवर्क बाइट ऑर्डर असेही नाव आहे.

बाइट स्वतः लिहिणे

यावरचा उपाय साधा आहे: प्रत्येक बाइट आपल्या हाताने बफरमध्ये ठेवायचा. बफर म्हणजे बिनचिन्ही आठ-बिट संख्यांचा ॲरे. केंद्राचा क्रमांक १००० असेल, तर तो २४ बिट उजवीकडे सरकवून पहिला बाइट मिळतो, मग १६, मग ८, आणि शेवटचा न सरकवता. हाती येतात ०, ०, ३, २३२. सरकवण्याची क्रिया संख्येच्या मूल्यावर होते, मेमरीतल्या क्रमावर नाही. त्यामुळे कोणत्याही प्रोसेसरवर हेच चार बाइट मिळतात. प्रकार १ आणि तापमान ३१५ धरले, तर पूर्ण संदेश असा: १, ०, ०, ३, २३२, १, ५९. बरोबर सात बाइट.

उलट वाचताना एक खाच आहे. आठ-बिट संख्या डावीकडे सरकवण्याआधी सी भाषा तिचे रूपांतर चिन्ह असलेल्या इंटमध्ये करते. इंट ३२ बिटांचा असेल आणि बाइट १२७ पेक्षा मोठा असेल, तर तो २४ बिट सरकवल्यावर चिन्हाच्या बिटात शिरतो, आणि त्याचा परिणाम काय व्हावा हे मानकाने ठरवलेलेच नाही. म्हणून आधी त्याला बिनचिन्ही ३२-बिट प्रकारात बदलायचे, मग सरकवायचे.

लांबीवर किती विश्वास ठेवायचा?

केंद्राचे नावही पाठवायचे असेल तर आधी लांबी, मग मजकूर असे लिहितात. ही लांबी अक्षरांची नसून बाइटांची असते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘पुणे’ हा दोन अक्षरी शब्द १२ बाइटांचा होतो.

लांबीची गरज आणखी एका कारणाने लागते. टीसीपी हा बाइटांचा अखंड प्रवाह आहे. त्याला संदेश कुठे संपतो ते ठाऊक नसते. सात बाइट पाठवले तर पलीकडे आधी तीन आणि मग चार येऊ शकतात, किंवा दोन संदेश चिकटून येऊ शकतात. म्हणून संदेशाच्या आधी त्याची लांबी लिहायची, आणि तेवढे बाइट जमेपर्यंत वाचत राहायचे.

पण ती लांबी समोरच्याने लिहिलेली असते. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेली हार्टब्लीड ही त्रुटी नेमकी इथेच होती. ओपनएसएसएल या सी भाषेतल्या लायब्ररीत ‘हा मजकूर घे आणि परत पाठव’ अशा स्वरूपाचा एक संदेश होता. त्यात मजकुराची लांबी दोन बाइटांत लिहिलेली असे. खरा मजकूर किती आला आहे हे न तपासता लायब्ररी त्या आकड्याइतके बाइट कॉपी करून परत देत होती. एकच बाइट पाठवून लांबी मात्र मोठी लिहिली, की सर्व्हरच्या मेमरीतले एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंतचे तुकडे बाहेर येत. त्यात पासवर्ड आणि खासगी किल्ल्याही असू शकत. दुरुस्ती फार लहान होती: लिहिलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या बाइटांत मावत नसेल, तर संदेश टाकून द्या.

तयार पद्धतीही आहेत. गूगलने २००८ मध्ये खुली केलेली प्रोटोकॉल बफर्स ही त्यातली एक, आणि लहान उपकरणांसाठी सी भाषेत तिची नॅनोपीबी ही आवृत्ती वापरतात. तिथे संख्या सात-सात बिटांच्या तुकड्यांत लिहितात, आणि पुढे आणखी बाइट आहे हे आठवा बिट सांगतो. ३०० ही संख्या १७२, २ अशी दोनच बाइटांत बसते.

पद्धत कोणतीही असो, चाचणीत केवळ ‘एन्कोड करून डीकोड केले की मूळ संख्या परत आली’ एवढे पाहू नये. दोन्हीकडे सारखीच चूक असली तरी ते जमते. अपेक्षित बाइट हाताने लिहून ठेवावेत आणि उणे संख्याही घ्यावी: आपल्या संदेशात उणे ५ अंशांसाठी २५५, २०६ हेच दोन बाइट यायला हवेत.