जुने फर्निचर परगावी पाठवताना

वडोदऱ्यातील आपल्यापैकी अनेकांची जुनी घरे आता रिकामी होत आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशात स्थायिक झाली आहेत. घराचा व्यवहार ठरला की प्रश्न येतो आजोबांच्या शिसवी पलंगाचा, पितळी कड्यांच्या झोपाळ्याचा, आरशाच्या कपाटाचा आणि देव्हाऱ्याचा. अशी वस्तू एकदा मोडली की तशी दुसरी मिळत नाही. आम्हा बँकेतल्या मंडळींना बदल्यांमुळे सामान हलवण्याची सवय झालेली असते. त्या अनुभवातून आणि नियमांच्या माहितीतून हा लेख तयार केला आहे.

आधी काय ठरवावे

ज्या घरी वस्तू जाणार, तिथले दार, जिना आणि लिफ्ट यांची मापे मागवून घ्यावीत. जुनी कपाटे बहुधा सुटी होतात, पण पलंगाची मोठी पाठ लिफ्टमध्ये मावेलच असे नाही. नंतर लाकूड तपासावे. खाली बारीक भुसा पडत असेल तर कीड आत जिवंत आहे असे समजून आधी उपचार करावा, नाहीतर ती नव्या घरातही पोहोचते. प्रत्येक वस्तूचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. आधीचे ओरखडे आणि तडे यांचीही नोंद ठेवावी. पुढे भरपाई मागताना हेच कामी येते.

सुटे करणे आणि गुंडाळणे

जुन्या फर्निचरचे सांधे सरस आणि लाकडी खुंट्यांवर उभे असतात. शंभर वर्षांत सरस कोरडा पडलेला असतो, म्हणून हादऱ्याने आधी सांधा सुटतो, लाकूड क्वचितच मोडते. सहज निघणारे भाग जुन्या कामाची माहिती असलेल्या सुताराकडूनच सुटे करावेत. प्रत्येक भागाला दोऱ्याने चिठ्ठी बांधावी. चिकटपट्टी थेट लाकडावर लावू नये, ती काढताना पॉलिश निघते. स्क्रू, किल्ल्या आणि कड्या एका डब्यात घालून तो डबा स्वतःजवळ ठेवावा.

लाखेचे पॉलिश उन्हाने मऊ होते. बुडबुड्यांचे प्लास्टिक त्याला थेट लागले तर बुडबुड्यांचे ठसे कायमचे उमटतात. म्हणून आधी धुतलेले सुती कापड किंवा जुने धोतर, त्यावर गोधडी आणि सर्वांत बाहेर प्लास्टिक किंवा पुठ्ठा, असा क्रम ठेवावा. आपल्याकडच्या संखेड्याच्या फर्निचरला हे विशेष लागू आहे. सागवानावरची कथील आणि लाखेची नक्षी उष्णतेला आणि घासण्याला फार नाजूक असते.

आरसा आणि संगमरवरी फळी काढून वेगळी बांधावी आणि कडेवर उभी न्यावी. आडवी ठेवली तर स्वतःच्याच वजनाने आणि हादऱ्याने ती मध्यभागी तडकते. वेताच्या खुर्चीवर काहीही ठेवू नये. खुर्ची हातांना धरून उचलू नये, बैठकीच्या चौकटीला धरून उचलावी.

गाडी आणि वाहतूकदार

मोडतोड रस्त्यापेक्षा चढवताना-उतरवताना जास्त होते. सामान इतरांच्या मालासोबत गेले तर वाटेत गोदामात ते गाडी बदलते. त्यामुळे मौल्यवान वस्तूंसाठी, छोटी असली तरी, थेट जाणारी पूर्ण गाडी घ्यावी. दोन कुटुंबांचे सामान एकाच गावी जाणार असेल तर खर्च वाटून घेता येतो. शक्य तर पावसाळा टाळावा.

बँकांच्या बदल्यांसाठी इंडियन बँक्स असोसिएशन वाहतूकदारांची यादी ठेवते. त्या नावाचा खोटा वापरही होतो, म्हणून व्हिजिटिंग कार्डवर विसंबू नये, यादीत नाव पडताळावे. घरातल्या वापरलेल्या सामानाला ई-वे बिल लागत नाही. तरी वस्तूंची सही केलेली यादी चालकाजवळ असावी.

विमा आणि भरपाई

इथेच बहुतेकांची फसगत होते. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार आणि २०११ च्या नियमांनुसार, जास्त जोखमीचा दर भरलेला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित असते. १५,००० रुपये भाडे असेल तर दीड लाखाच्या वर काही मिळत नाही, आणि तेही जाहीर केलेल्या किमतीच्या आतच. म्हणून किंमत पावतीवर लिहून घ्यावी. दावा लावायचा असेल तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस देणे आवश्यक आहे.

वाहतूकदाराने बिलात 'इन्शुरन्स' म्हणून रक्कम लावली म्हणजे विमा झाला असे नव्हे. विमा कंपनीचे, आपल्या नावाचे प्रमाणपत्र मागावे. मूळ स्वरूपाच्या विम्यात आग, अपघात, गाडी उलटणे एवढेच येते. हाताळताना झालेली मोडतोड हवी असेल तर सर्व जोखमींचा विमा घ्यावा. त्यातही अपुरे पॅकिंग आणि वस्तूचा मूळचा दोष यांची भरपाई नसते. सामान उतरवल्यावर तपासल्याशिवाय 'सुस्थितीत मिळाले' अशी सही करू नये. गाडीवाला घाई करत असेल तर निदान 'न तपासता स्वीकारले' एवढे तरी लिहावे.

परदेशी पाठवायचे असल्यास

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे किमान १०० वर्षे जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तेवढी जुनी नसेल तर तसे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावे लागते. शिसवाच्या जातीवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत, त्यामुळे पलंगासारख्या जड वस्तूला वेगळे परवानगीचे कागद लागतात. बाहेरच्या लाकडी खोक्यावरही उष्णतेची प्रक्रिया केल्याचा शिक्का असावा लागतो. हे सर्व कागद हातात आल्याशिवाय कंटेनरचे पैसे भरू नयेत.

पोहोचल्यावर

आपल्याकडच्या कोरड्या हवेतून मुंबई-गोव्याच्या दमट हवेत गेलेले लाकूड फुगते. खण अडकले तर लगेच रंधा मारू नये. काही आठवडे थांबून, हवा मानवल्यावर मगच काय ते ठरवावे. एसीच्या झोतासमोर किंवा खिडकीच्या उन्हात वस्तू ठेवू नये. झोपाळा टांगण्याआधी नव्या छताचे हूक भार पेलतील का, हे इंजिनिअरला दाखवून घ्यावे.

विमा बाजारभाव देतो, आठवणींची किंमत देत नाही. सगळे नेणे परवडत नसेल तर घरातल्या सर्वांना एकत्र बसवून एक-दोन वस्तू निवडाव्यात आणि त्यांच्यावरच नीट खर्च करावा. उरलेल्या वस्तू गावातल्याच नातेवाइकांकडे वापरात राहिल्या, तर तेही जतनच आहे.