मोटारसायकल, रस्ता आणि पाठीचा कणा

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावात जुनी स्पोर्ट्‌स मोटारसायकल दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. यामाहाची आर-१५ ही दीडशे सी.सी.ची गाडी २००८ साली भारतात आली. शर्यतीच्या गाडीसारखे खाली बसवलेले दोन तुकड्यांचे हँडल, मागे सरकवलेले फुटरेस्ट, टाकीवर ओणवे होऊन बसायची बैठक, असा तिचा थाट. शहरातल्या मालकाची हौस फिटली की अशी गाडी जुन्या बाजारात येते आणि गावातला तरुण ती घेतो. पण तिच्यावरून त्याला जायचे असते मोंढ्यात, दवाखान्यात किंवा शाळेत. थोड्याच दिवसांत मनगटे आणि कंबर बोलू लागतात. मग गॅरेज गाठायचे आणि सांगायचे, ‘हँडल उंच करा, सीटमध्ये फोम भरा, शॉकअपचं काहीतरी बघा.’

या ‘काहीतरी बघा’ला मोठा इतिहास आहे. किंबहुना मोटारसायकलच्या आरामाचा बराचसा इतिहास अशा जुन्या गाड्यांवर हात चालवणाऱ्यांनीच घडवला आहे.

पहिली मोटारसायकल म्हणून जिचे नाव घेतात ती डाइमलर आणि मायबाख यांची १८८५ सालची गाडी. लाकडी सांगाडा, लोखंडी धावा चढवलेली लाकडी चाके. थोडक्यात, आपल्या बैलगाडीची चाके आणि मध्ये इंजिन. पहिल्याच फेरीत इंजिनाच्या तापलेल्या नळीमुळे बैठकीने पेट घेतला असे सांगतात. आरामाची सुरुवात ही अशी झाली! बैलगाडीत निदान कडबा तरी अंथरता येतो. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि रस्ता व माणूस यांच्यामध्ये हवेची उशी आली. त्यानंतर कितीतरी वर्षे बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकाला स्प्रिंग असे, मागचे चाक मात्र सांगाड्याला घट्ट जखडलेले. मागून येणारा धक्का सोसायचा तो सायकलसारख्या सीटखालच्या दोन स्प्रिंगांनी. १९३५ साली बी.एम.डब्ल्यू.ने पुढे एकात एक सरकणाऱ्या, तेल भरलेल्या नळ्या बसवल्या. आज आपण पुढचे शॉकअप म्हणतो ते हेच.

मागच्या चाकाचा प्रश्न सोडवण्यात मोठा वाटा पुन्हा बेलफास्टच्याच एका माणसाचा आहे. रेक्स मॅक्‌कँडलेस हा तिथला हुशार कारागीर. १९४०च्या दशकात त्याने स्वतःच्या गाडीचे मागचे चाक सांगाड्यापासून मोकळे केले आणि बिजागरीवर वरखाली हलणाऱ्या दुहेरी दांड्यात बसवले. आपले मेकॅनिक या दांड्याला ‘चिमटा’ म्हणतात. चिमट्याच्या दोन्ही बाजूंना तेलाचे शॉकअप लावले. मग जखडलेल्या चाकांच्या जुन्या गाड्यांवर बसवता येईल असा जोडसंचच तो विकू लागला. म्हणजे आजच्या भाषेत हे गॅरेजातले ‘मॉडिफिकेशन’च! पुढे नॉर्टन कंपनीने त्याच्याकडून शर्यतीच्या गाडीचा संपूर्ण सांगाडा घेतला. चालवून पाहिल्यावर हॅरोल्ड डॅनियल या शर्यतपटूने तिची तुलना पिसांच्या गादीशी केली आणि त्या सांगाड्याला ‘फेदरबेड’ हेच नाव पडले. १९५० साली आइल ऑफ मॅन बेटावरची मानाची सीनियर टी.टी. शर्यत जेफ ड्यूकने याच गाडीवर जिंकली. शर्यतीची गाडी म्हणजे टणक गाडी, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात ती गाजली मऊपणासाठी; कारण चाक रस्त्याला चिकटून राहिले तरच ते ढकलू शकते, वळू शकते आणि थांबू शकते.

याच सुमारास चिमट्याची बुलेट आली आणि १९५५ पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. हिंदुस्थानच्या खेड्यांनी चिमट्याचा आराम तिच्यावरही अनुभवला.

दुसरी गोष्ट एका शिक्षकाची आहे, म्हणून आपल्याला जरा अधिक जवळची. बेल्जियममध्ये लुसिआन टिल्केन्स नावाचे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांचा मुलगा खाचखळग्यांतून धावणाऱ्या मोटोक्रॉसच्या शर्यतीत उतरत असे. मुलाच्या गाडीसाठी त्यांनी मागच्या दोन शॉकअपऐवजी एकच लांब शॉकअप टाकीखाली आडवे बसवण्याची युक्ती काढली. त्यामुळे मागच्या चाकाला वरखाली जाण्यासाठी खूपच जास्त अंतर मिळाले. यामाहाने ही कल्पना विकत घेतली आणि १९७३ साली अशा गाडीने जागतिक स्पर्धा जिंकली. झरीच्या रस्त्यावरच्या आर-१५ला मागे एकच शॉकअप दिसते, त्याची वंशावळ या बापलेकांपाशी पोचते.

आता आपल्या रस्त्याकडे येऊ. परभणीची जमीन काळी, भारी. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला डांबरी रस्ता दरवर्षी असा वरखाली होत राहतो आणि काही वर्षांत त्याला लाटा येतात. समजा, दोन लाटांमध्ये दोन मीटर अंतर आहे आणि गाडी ताशी ४० कि.मी. वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते आहे. तर गाडीला दर सेकंदाला साधारण साडेपाच धक्के बसतील. बसलेल्या माणसाचे धड उभ्या दिशेने सेकंदाला सुमारे ४ ते ८ कंपनांना सर्वांत जोरात प्रतिसाद देते. म्हणजे रस्त्याचा ठेका नेमका आपल्या कण्याच्या ठेक्याशी जुळतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्के दिले की झोका वाढत जातो, तसाच हा अनुनाद.

यातून वाचायचे तर गाडीच्या स्प्रिंगचा स्वतःचा ठेका याहून बराच मंद हवा. तो मोजायला एक सोपे सूत्र आहे. भार पडल्यावर स्प्रिंग जितके सेंटिमीटर दबते त्याचे वर्गमूळ काढा आणि ५ला त्याने भागा. उत्तर म्हणजे दर सेकंदाची कंपने. स्प्रिंग १ से.मी. दबली तर ५ कंपने, ४ से.मी. दबली तर अडीच. पहिली गाडी आपल्या लाटांवर कणा हादरवते, दुसरी बऱ्याच लाटा गिळून टाकते. वर्गात हे दाखवता येते. लांब, हलकी स्प्रिंग वजन लावल्यावर २५ से.मी. ताणली गेली पाहिजे. मग ती वजन घेऊन सेकंदाला बरोबर एक झोका घेते. विद्यार्थ्यांना मिनिटभर मोजू द्या. साठाच्या जवळपास उत्तर आले की सूत्रावर त्यांचा विश्वास बसतो, आपण सांगून बसत नाही.

हे समजले की गॅरेजातले काही समज तपासता येतात. गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंगचे वेढे कापतात. वीस वेढ्यांतले चार कापले तर उरलेली स्प्रिंग मऊ होत नाही, सव्वापट कडक होते. वेढे कमी झाले की प्रत्येकाला जास्त पिळावे लागते. दुसरा समज शॉकअपखालच्या खाचांच्या कड्याचा. ते फिरवले की स्प्रिंग ‘कडक’ होते असे म्हणतात. स्प्रिंग तीच राहते, गाडी फक्त उंच होते. पत्नी आणि मूल मागे बसणार असेल तेव्हा गाडी फार खाली बसू नये म्हणून त्या कड्याचा उपयोग. पुढे बजाजने स्प्रिंगमध्ये स्प्रिंग घातलेली शॉकअप काढली, ती एकटा स्वार आणि भरलेली गाडी या दोहोंची सोय पाहूनच.

आणि स्प्रिंग एकटी पुरत नाही. तिने घेतलेला धक्का कुठेतरी जिरला पाहिजे. ते काम शॉकअपमधले तेल बारीक छिद्रांतून जाताना करते, धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. जुन्या गाडीत हे तेल गळून गेलेले असते. सीट दाबून सोडली आणि गाडी दोन-तीनदा नाचत राहिली तर नव्या फोमचा खर्च थांबवा आणि आधी तेल व सील बदला. आरामाचा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि गाडीच्या देखणेपणात काडीची भर पडत नसल्याने तोच सर्वांत मागे राहतो.

राहिले हँडल. ओणवी बैठक मुळात चुकीची नाही, ती वेगासाठी केलेली आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी १२०ला तो ४०च्या नऊपट असतो. त्या वेगाला वाराच छातीला टेकू देतो. ताशी ४०ला टेकू नसतो, मग धडाचा भार मनगटांवर येतो. म्हणून गावच्या रस्त्यासाठी उंच हँडल योग्यच आहे. मात्र १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२वे कलम कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ते काटेकोरपणे लावले. सांगाडा कापणे, चिमटा लांबवणे हे तर सोडाच, हँडलबद्दलही आधी परिवहन कार्यालयात विचारावे.

शिवाय हँडल उंचावले की अॅक्सिलेटर आणि क्लचच्या वायरी आखूड पडतात, पुढच्या डिस्क ब्रेकची नळी ताणली जाते. गाडी मधल्या स्टँडवर किंवा कुणाला धरायला सांगून इंजिन सुरू ठेवा, गिअर काढलेला असू द्या, आणि हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवा. वळवताना इंजिनाचा आवाज वाढला तर वायर ओढली जाते आहे. अशी गाडी गल्लीत वळताना आपोआप पुढे उसळी घेईल. लांब वायर आणि लांब नळी बसवल्याशिवाय ती गॅरेजातून बाहेर काढू नये.