खारे पाणी आणि गळाचे रीळ

मनुष्याने घडविलेल्या काही साधनांची खरी परीक्षा त्यांच्या जन्मस्थानी होत नाही. ती दूर कोठेतरी, निर्मात्याच्या ध्यानीमनीही नसलेल्या ठिकाणी होते. गळाच्या काठीला लावावयाचे रीळ हे अशा साधनांपैकी एक होय. त्याचा जन्म झाला तो गोड्या पाण्याच्या काठी, नदीच्या संथ डोहांच्या आणि तळ्यांच्या सान्निध्यात. त्याची कसोटी मात्र लागली ती फुटत्या लाटांत, उडत्या वाळूत आणि खाऱ्या फेसात. समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून गळ फेकणाऱ्या मनुष्याने कोणते रीळ घ्यावे म्हणजे ते दीर्घकाळ टिकेल, हा प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाचा वाटतो. वस्तुतः त्याच्या पाठीमागे यंत्रविद्येचा, धातुविद्येचा आणि मानवी चातुर्याचा मोठा इतिहास उभा आहे. तो ध्यानात घेतल्यावाचून ही निवड डोळसपणे करता येत नाही.

रिळाचे सर्वांत जुने दर्शन घडते ते चीनमध्ये. मा युआन या चित्रकाराने इ. स. 1195 च्या सुमारास काढलेल्या एका चित्रात हिवाळी सरोवरावर एकट्या नावेत बसलेला कोळी आहे, आणि त्याच्या हातातील काठीला एक लहानसे चाक जोडलेले स्पष्ट दिसते. हे चित्र आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इंग्लंडमध्ये टॉमस बार्कर याने 1651 साली प्रसिद्ध केलेल्या मत्स्यवेधाच्या पुस्तकात अशा चाकाचा उल्लेख सापडतो. पुढे नॉटिंगहॅम या लेस विणणाऱ्या गावाने लाकडी रिळांना आपले नाव दिले, तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील केंटकी प्रांताच्या पॅरिस नामक गावी जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने दातेरी चाकांचे रीळ तयार केले. त्यात मूठ एकदा फिरविली की कांडी अनेक वेढे घेई. लेस विणणारे आणि घड्याळजी! मासे पकडण्याच्या साधनाला अशा कारागिरांचे हात लागावेत, ही गोष्ट या इतिहासात पुनःपुन्हा घडलेली आहे.

या सर्व रिळांत एक समान अडचण होती. गळ फेकताना दोरा सुटतो तो कांडी स्वतः गरगर फिरल्यामुळे. शिशाचे वजन हवेत मंदावते, पण वेगाने फिरणारी कांडी त्याच क्षणी मंदावत नाही. ती दोरा ओकतच राहते, आणि पाहता पाहता दोऱ्याचा असा काही गुंता होतो की तो सोडविण्यात घटका निघून जाव्यात. फेकणाऱ्याचा अंगठा हाच तेथे ब्रेक! अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळील कटीहंक बेटावर 1864 साली न्यू यॉर्कच्या धनिकांनी एक मत्स्यवेधाचा क्लब स्थापन केला. तेथील सभासद खडकांवर उभारलेल्या लाकडी मचाणांवरून पट्टेरी बास हा बलाढ्य मासा धरीत. त्यांच्या हाती अशीच रिळे होती, आणि त्यांवर तागासारख्या लिनन धाग्याचा दोरा होता. तो ओला ठेवला तर कुजे. म्हणून प्रत्येक फेरीनंतर तो उलगडून, धुऊन, वाळवावा लागे. खाऱ्या पाण्याचा हा पहिला धडा होय.

कांडी फिरू न देता दोरा सोडता येईल काय? या प्रश्नाला स्कॉटलंडमधील पर्थ येथील पीटर मॅलक याने 1884 साली एक उत्तर दिले. त्याचे रीळ फेकतेवेळी पाव वळण देऊन आडवे करावयाचे; मग दोरा कांडीच्या कडेवरून आपोआप निसटत जाई. गुंडाळताना रीळ पुन्हा जागेवर आणावयाचे. दोऱ्याला पीळ पडे हा त्यातील दोष. परंतु मूळ कल्पना विलक्षण साधी होती.

दुसरे आणि अधिक दूरगामी उत्तर यॉर्कशरमधील ब्रॅडफर्ड येथून आले. तेथील लोकरीच्या गिरणीचा मालक आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने 1905 साली स्थिर कांडीच्या रिळाचे पेटंट घेतले. गिरणीतील बॉबिनवरून सूत कसे टोकाच्या दिशेने सरसर उलगडत जाते हे पाहून त्याला ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ज्यांनी मुंबईच्या वा सोलापूरच्या गिरण्यांतील साचे एकेकाळी पाहिले असतील, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावयास नको. बॉबिन जागेवर स्थिर असते, आणि तरीही सूत विनासायास निघते. इलिंगवर्थच्या रिळात कांडी फिरेना. तिच्याभोवती फिरणारा एक हात दोरा तिच्यावर गुंडाळू लागला. आज जगभर ज्याला स्पिनिंग रीळ म्हणतात त्याचा वंश येथून सुरू होतो.

परंतु इलिंगवर्थची दृष्टी होती ती ओढ्यातील ट्राउट माशावर आणि बारीक रेशमी दोऱ्यावर. समुद्र त्याच्या हिशेबात नव्हता. त्याचे रीळ समुद्रावर यावयास आणखी दोन गोष्टी घडाव्या लागल्या. पहिली, अल्निक येथील हार्डी बंधूंच्या कारखान्याने 1930 च्या दशकात आपल्या ‘अल्टेक्स’ रिळाला बसविलेली तारेची पूर्ण कडी. ही कडी दोरा आपोआप पकडून घेई; त्यामुळे अंधारात चाचपडण्याचे कारण उरले नाही. दुसरी गोष्ट नायलॉनची. ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत 1935 साली तयार झालेला आणि 1938 साली जाहीर झालेला हा कृत्रिम धागा कुजत नव्हता. शिवाय तो एकपदरी, गुळगुळीत असल्याने स्थिर कांडीवरून अडखळल्यावाचून सुटे. लिननचा दोरा वाळविण्याचे कष्ट संपले, आणि स्पिनिंग रिळाला त्याचा खरा जोडीदार लाभला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या रिळाने अमेरिकेचा किनारा जिंकला. फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी क्लूझ नावाचे घड्याळजींचे गाव आहे. तेथील कार्पानो आणि पाँस या कारखान्याची ‘मिचेल’ रिळे सर्वत्र पसरली, आणि त्यांतील 302 क्रमांकाचे मोठे रीळ लाटांवरील लोकांनी आपलेसे केले. ओटो हेंझे या जर्मन स्थलांतरिताने 1932 साली फिलाडेल्फियात स्थापिलेल्या ‘पेन’ कंपनीने 1960 च्या दशकाच्या आरंभी ‘स्पिनफिशर’ रिळे बाजारात आणली. जपानमधील साकाई येथील ‘शिमानो’ कंपनी 1921 पासून सायकलींचे भाग करीत होती. तिने 1970 साली या क्षेत्रात पाऊल टाकले. घड्याळ, सूतगिरणी, सायकल: अचूक दातेरी चाके घडविणारे हात सगळीकडे सारखेच.

येथून पुढचा इतिहास मात्र मुख्यतः टिकाऊपणाचा आहे. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सरासरी पस्तीस ग्रॅम क्षार असतात. हे पाणी रिळाच्या पोटात शिरले की दुहेरी आघात करते. ॲल्युमिनियमवर निसर्गतःच ऑक्साइडचा एक पातळ थर असतो आणि तो धातूचे रक्षण करतो. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड त्या थराला छिद्रे पाडते. दुसरा आघात अधिक सूक्ष्म आहे. ॲल्युमिनियमचे शरीर, पितळेचे दातेरी चाक आणि पोलादी आस ही एकत्र खाऱ्या पाण्यात आली की विजेचा एक लहानसा घटच तयार होतो, आणि त्यात बळी जातो तो ॲल्युमिनियमचा. पाणी वाळले तरी संकट टळत नाही. मागे राहिलेला क्षार हवेतील ओलावा शोषून घेतो आणि क्षय चालूच राहतो. त्यात वाळूची भर पडते. वाळूतील गारगोटीचे कण पितळेहून कितीतरी कठीण. दात्यांमध्ये सापडले की ते कानसीचे काम करतात.

मनुष्याने याविरुद्धची शस्त्रे रिळासाठी म्हणून शोधलेली नाहीत, ती इतरत्र सापडली. हंफ्री डेव्ही याने 1824 साली ब्रिटिश आरमाराच्या गलबतांचे तांब्याचे पत्रे वाचविण्यासाठी त्यांना जस्त आणि लोखंड यांचे तुकडे जोडून पाहिले, आणि एका धातूने दुसऱ्यासाठी झिजावे हा न्याय सिद्ध केला. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली याने 1913 साली गंज न चढणारे पोलाद ओतले. 1923 साली इंग्लंडमध्ये समुद्रविमानांचे भाग खाऱ्या पाण्यापासून वाचविण्यासाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा जाड थर चढविण्याची रीत निघाली. याच रीतीला ॲनोडायझिंग म्हणतात. आज चांगल्या रिळाच्या अंगावर जो काळा वा सोनेरी पृष्ठभाग दिसतो, तो बहुधा शोभेपुरता नसतो. तो त्या विमानांचा वारसा आहे.

या सर्व ज्ञानातून टिकाऊ रिळाची दोन परस्परविरुद्ध तत्त्वे उदयास आली. पहिले तत्त्व ऑस्ट्रेलियाचे. चार्ल्स आल्व्ही याने 1920 साली ब्रिस्बेन येथे रिळे करावयास आरंभ केला आणि मॅलकची आडवी वळणारी कल्पना समुद्रावर आणली. या रिळात दातेरी चाकांची गुंतागुंत जवळजवळ नाही. मोठ्या व्यासाची कांडी, एक आस आणि मूठ. मूठ एकदा फिरली की कांडीही एकदाच फिरते. वाळूत पडले तर बादलीत बुचकळावे आणि पुन्हा कामाला लागावे. पाणी आत येणारच, तेव्हा त्याला सुखाने बाहेर जाऊ द्यावे, असे हे तत्त्व. दुसरे तत्त्व याच्या नेमके उलट. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर रात्रीच्या वेळी छातीभर पाण्यात उभे राहून, प्रसंगी पोहत खडकांवर चढून गळ टाकणारे लोक आहेत. त्यांची रिळे संपूर्ण लाटेखाली जातात. त्यांच्यासाठी 1990 च्या दशकात ‘व्हॅन स्टाल’सारखी रिळे पुढे आली. त्यांचे पोट रबरी कड्यांनी बंद केलेले असते आणि पाण्याला आत वाटच ठेवलेली नसते. त्यांच्या अनेक नमुन्यांत हार्डी बंधूंची ती प्रसिद्ध कडीही काढून टाकलेली आहे. जोरदार फेकीत ती अवचित मिटते, तिची स्प्रिंग तुटते, म्हणून पुन्हा बोटानेच दोरा उचलण्याची जुनी रीत स्वीकारली गेली. प्रगतीची वाट कधी कधी मागेही वळते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तेव्हा रीळ निवडणाऱ्याने प्रथम स्वतःला विचारावे की आपण कोठे उभे राहणार. कोरड्या वाळूवर उभे राहून लाटांपलीकडे गळ फेकणाऱ्याला धातूच्या दणकट शरीराचे, साधे, घरच्या घरी उघडून तेल-ग्रीस देता येईल असे रीळ पुरेसे होते. पाण्यात उतरणाऱ्याला मात्र बंद पोटाचे रीळ हवे. येथे वेष्टनावरील अक्षरांनी फसू नये. ‘आयपीएक्स 5’ किंवा ‘6’ याचा अर्थ नळीच्या फवाऱ्याला तोंड देण्याची क्षमता. पाण्यात बुडवून घेतलेली परीक्षा 7 या अंकापासून सुरू होते, आणि तीही एक मीटर पाण्यात अर्धा तास एवढीच. शिवाय ही परीक्षा नव्या कोऱ्या वस्तूची असते; चार वर्षे ऊन आणि खार खाल्लेल्या रबरी कड्यांची नव्हे. बेअरिंगांची संख्या हीदेखील टिकाऊपणाची खूण नाही. जितकी बेअरिंगे अधिक, तितक्या गंजण्याच्या जागा अधिक. पाहावयाचे ते मुख्य दातेरी चाकाचा धातू, शरीराचा ताठपणा आणि दोरा ज्यावरून वळतो तो लहानसा रोलर, कारण खार साचून प्रथम अडकतो तो बहुधा हाच. कार्बनयुक्त प्लास्टिकचे शरीर गंजत नाही हे खरे. पण मोठ्या माशाच्या ओढीने ते किंचित जरी वाकले, तरी दाते एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि लवकर झिजतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुटे भाग मिळतात की नाही. पेनची अर्धशतकापूर्वीची रिळे आजही किनाऱ्यावर फिरताना दिसतात, ती अभंग होती म्हणून नव्हे, दुरुस्त होऊ शकत होती म्हणून. बंद रिळाचा धनी मात्र त्याच्या निर्मात्याच्या दुरुस्तीशाळेवर अवलंबून असतो. ती दूर असेल तर ते रीळ कितीही उत्तम असो, त्याच्या कामाचे नाही. घरी परतल्यावर ब्रेक घट्ट करून, गोड्या पाण्याची हलकी धार सोडून रीळ धुवावे. जोरदार धारेने खार उलट आत ढकलला जातो.

या इतिहासाला आणखी एक बाजू आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करता येणार नाही. 21 सप्टेंबर 1982 च्या रात्री, वादळी हवेत, अटलांटिक सिटीच्या धक्क्यावरून ॲल मॅकरेनल्ड्स याने स्पिनिंग रिळाने 78 पौंड 8 औंस वजनाचा पट्टेरी बास धरला. हा विश्वविक्रम 2011 पर्यंत अबाधित राहिला. गोड्या ओढ्यातील ट्राउटसाठी जन्मलेल्या यंत्राने समुद्राची परीक्षा अशी पूर्ण केली. परंतु नेमक्या त्याच काळात त्या किनाऱ्यावरील पट्टेरी बासची संख्या इतकी घटली होती की 1984 साली अमेरिकेच्या काँग्रेसला त्याच्या रक्षणार्थ स्वतंत्र कायदा करावा लागला. अतिमासेमारी हे त्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण होते. साधन अधिकाधिक टिकाऊ होत गेले आणि मासा मात्र टिकेनासा झाला. कडक निर्बंधांनंतर तो पुढे सावरला, हे त्या समाजाच्या शहाणपणाचे द्योतक होय. परंतु त्याची चिंता कायमची मिटली असे झाले नाही.

उत्तम रीळ ते, जे धन्याच्या हयातीत साथ देते आणि पुढच्या पिढीच्या हाती जाते. ते ज्याच्या हाती जाईल, त्याच्यासाठी लाटांत मासाही उरला पाहिजे. टिकाऊपणाचा विचार धातूपाशी सुरू होतो खरा, पण तो तेथेच संपत नाही.